मधलं पान टिकत नाही म्हणायचास

माधवा,

वाईट आहे ते आधीच सांगून टाकते, म्हणजे तू मधे मधे विचारणार नाहीस. विहिरीखालचा तुकडा कापला गेला. मी दोरे बांधले होते तरी कापला गेला. अरुंद पानाची झाडं, रुंद पानाची झाडं, मधल्या पानाची झाडं, सगळी बाकीच्या रानातल्या सोयाबीनसोबत एकाच गंजीत जाऊन पडली. आणि ज्या सकाळी हे चाललं होतं त्याच सकाळी मी नदीवर तुझ्या पिंडासमोर हात जोडून, सगळ्या पाहुण्यांच्या देखत, तुला शब्द देत होते की तुझं बी मी वेगळं राखीन म्हणून.

आता रागव की. थोरल्या बहिणीवर रागवू नये असं काही नाही. पण तुला रागवायचंच येत नव्हतं. चष्मा कपाळावर सारायचास आणि हसायचास, आणि मला त्या हसण्याचाच लई राग यायचा.

इकडं तुझ्याबद्दल बरंच बोलून झालं. क्लाससमोर तुझा मोठा फोटो लावला. तुझ्याकडं जीवशास्त्र शिकून डॉक्टर झालेली पोरं-पोरी लातूरच्या घरी आली, कुणी तुझा आवाज काढून दाखवला, कुणी रडलं. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते. त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं की त्यांचे सर रविवारी जळकोटला एसटीतून उतरायचे, शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे रानातल्या खोपीवर, येऊन पँट गुडघ्यापर्यंत दुमडायचे आणि सोयाबीनच्या पानावरून आपल्या म्हाताऱ्या बहिणीशी दिवसभर भांडायचे. मला तेवढंच लिहायचंय. बाकीचं त्यांनी लिहावं, त्यांना चांगलं जमतं.

शाळेनं मला चौथीत सोडलं की मी शाळेला, ते आता कुणाला ठाऊक. पण तू बारावीचा अभ्यास मोठ्यानं करायचास तेव्हा मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते, आणि तुझ्यासमोर शेंगा फोडत बसायची. वाटाण्याच्या उंच आणि बुटक्या झाडांची गोष्ट मला तेव्हापासून पाठ आहे. तुला मार्क मिळाले, मला गोष्ट मिळाली. पुढं मी हाताला लागेल ते वाचत गेले, कळलं नाही की तुला विचारत गेले. तू कधी म्हणाला नाहीस की अक्का, हे तुझ्या कामाचं नाही.

तुझे दाजी गेल्यावर मी लेकाकडं नांदेडला आले. चांगला आहे लेक, सूनही चांगली आहे. पण मृग लागला की तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात माझा पाय ठरेना. तेव्हा तू म्हणालास, "आखाडा रिकामाच हाय अक्का. विहिरीखालचा तुकडा तू बघ." सुमन तुझी बायको, पण तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही. नवरा नसलेल्या बहिणीनं भावाच्या रानात मृगापासून दिवाळीपर्यंत हक्कानं राहावं, असं सुख किती बायांच्या वाट्याला येतं? हे तुला तोंडावर म्हणायचं राहिलं. तोंडावर मी तुला भलतंच काही काही म्हणत राहिले.

अरुंद पानाचं बी तू कुण्या मित्राकडून मूठभर आणलंस. उगवून आल्यावर पान बघून मी नाक मुरडलं होतं, आठवतं का? आपल्या घरच्या सोयाबीनचं पान कसं, भरलेलं, अंड्याच्या आकाराचं. आणि हे वेळूच्या पानासारखं लांबुळकं.

"हे काय दुष्काळातलं हाय का रे?"

"शेंगा लागू दे, मग बोल," तू म्हणालास.

शेंगा लागल्या आणि मी मोजतच बसले. जिथं हात घालावा तिथं चार दाण्यांची शेंग. आपल्या घरच्याला दोन, नाहीतर तीन. चाराची एखादी चुकून.

मग पुढच्या पावसाळ्यात तू घरच्या रुंद पानाशी त्याचं लग्न लावायला बसलास. सोयाबीनचं फूल ते केवढं, तुरीच्या दाण्याएवढं. त्याच्यासमोर तू मांडी घालून, चष्म्यावर दुसरा चष्मा लावून, चिमटा घेऊन. आपलं रान वाट्यानं करणारी शेषाबाई बांधावर उभी राहून बघत होती.

"सर, फुलाचं बाळंतपण करायलाव का?"

"लगीन लावायलोय शेषाबाई. बाळंतपण पुढं."

"मग अक्षता टाकू का? घरात तांदूळ हायेत."

किती फुलं हाताळलीस आणि किती गळून गेली. एक शेंग धरली. त्या शेंगेतून पुढच्या साली जी झाडं आली त्यांचं पान ना रुंद ना अरुंद. बरोबर मधोमध. बोटांनी मापून बघितलं मी. आणि माधवा, मला ते पान बघताक्षणी आवडलं. जमीन झाकायला पुरेल एवढं रुंद, खालच्या शेंगांना ऊन लागेल एवढं मोकळं. शेंगाही बऱ्याच चाराच्या. म्हटलं झालं, हेच आपलं वाण.

तू चष्मा कपाळावर सारलास. "हे टिकत नसतं अक्का."

त्या दिवशी चुलीपुढं बसून तू मला जे सांगितलंस ते मी तुझ्याच शब्दांत सांगते, बघ जमतं का. पान पहिल्यांदा एवढुसा कोंब असतो. त्याची कड पसरली तर पान रुंद होतं. त्या कडेला पसर म्हणून हुकूम देणारा एक जीन असतो. तो झाडाला एक आईकडून मिळतो, एक बापाकडून. रुंद पानाच्या झाडाला दोन्हीकडून धड हुकूम आलेला असतो. अरुंदला दोन्हीकडून बिघडलेला.

"किती बिघडलेला?"

"लई नाही. सगळी पोथी नीट आणि एका अक्षराची चूक. पण तेवढ्यानं कड पसरत नाही."

मी भाकरी थापत होते. म्हटलं, "आणि माझं मधलं?"

"त्याला एक हुकूम धड आणि एक बिघडलेला. तू भाकर अर्धवट थापून तव्यावर टाकलीस तर जेवढी होईल तेवढं ते पान."

"आणि चार दाण्यांचं काय?"

तू चुलीतलं लाकूड पुढं सारलंस. म्हणालास की तोच जीन फुलातही कामाला असतो, तो बिघडला की शेंग एक दाणा जास्त धरते, हे दिसतं. आतून कसं ते अजून शोधून राहिलेत लोक. मला ते आवडलं होतं. माहीत नाही तिथं तू माहीत नाही म्हणायचास. क्लासमधे पण म्हणायचास का रे? तिथं पोरांना पर्याय चार आणि उत्तर एक लागतं.

आणि मधलं का टिकत नाही, तेही तू सांगितलंस. मधल्याच्या प्रत्येक दाण्यात वाटणी नव्यानं होते. कुणाला दोन्ही धड, कुणाला दोन्ही बिघडलेले, आणि निम्म्यांना परत एक-एक. म्हणून मधलं पेरलं की तिन्ही निघणार. नेहमी.

मला पटलं नाही. माझं म्हणणं, खोंडाला जू लावलं की पहिल्या साली उधळतं, दुसऱ्या साली चालायला लागतं. पानालाही सवय लावायला पाहिजे. म्हणून दरसाल मी काय करायची, तिसरं पान फुटलं की रुंदही उपटायची, अरुंदही उपटायची, शेळीला टाकायची, आणि फक्त मधल्याचं बी धरायची. पुढच्या साली परत तिन्ही. मी परत उपटायची. तुला रविवारी ते दिसायचं आणि तू शेळीला विचारायचास, "काय गं, यंदा बी सवय लागली न्हाई वाटतं पानाला?"

शेषाबाईचं आणखी निराळं. "अक्का, तुमच्या तुकड्यात तिघी जावा नांदायल्यात. एकीला किती बी हाकला, दुसरीच्या पोटातून निघती."

अशी कितीतरी सालं गेली. मग यंदा माझी कंबर धरली आणि उपटायचं राहून गेलं, तेव्हा तुझं तोंड बघण्यासारखं झालं. श्रावणात तू तुकड्यात शिरलास आणि बराच वेळ बाहेरच आला नाहीस. मी हाक मारली तर म्हणालास, "अक्का, हिकडं ये. ही रुंद बघ. ही अरुंद बघ. पान सोडून दोघांत काय फरक हाय सांग."

मी बघितलं. उंची सारखी. फूल एकाच वेळी आलेलं. खोडावरची लव सारखी. फांद्या सारख्या.

"तुझ्या हट्टानं हे झालंय," तू म्हणालास. "तू दरसाल मधलंच धरत गेलीस. त्यात पानाचं भांडण तेवढं जिवंत राहिलं आणि बाकी सगळं एकसारखं होत गेलं. आता या दोघी जुळ्या बहिणी हायेत, फक्त पान निराळं. अरुंद चांगलं का रुंद, याचा इन्साफ करायला याच्यापेक्षा चांगली जोडी कुठून आणायची? मला करायची अक्कल झाली नसती गं."

माझी चूक होती ती, माधवा, आणि तू तिचं असं सोनं करून माझ्या हातात दिलंस. मी मात्र काय म्हटलं? म्हटलं, "म्हणजे मीच बरोबर होते." तू इतका हसलास की शेळी दोरी ओढायला लागली.

मधलं टिकत नाही हे त्या दिवशी मी मान्य केलं. पण मग मी रुंदाच्या बाजूनं झाले आणि भांडण नव्यानं सुरू. तुझं म्हणणं, अरुंद पानातून ऊन खाली उतरतं, वारा खेळतो, फवारा बुडापर्यंत जातो, खालच्या शेंगा भरतात. माझं म्हणणं, पावसानं दडी मारली की आपली काळी जमीन भेगाळते, तेव्हा तिच्यावर सावली कोण धरणार? आणि तण कोण दाबणार? तू सांगशील का तुझ्या अरुंदाला? मग ठरलं. उपटायचं राहिलंय ते राहू द्यायचं. पानं पिवळी पडायच्या आधी अरुंद झाडांना एका रंगाचा दोरा, रुंद झाडांना दुसऱ्या रंगाचा. मधली तशीच. सोयाबीन पिकलं की पानं गाळून टाकतं, मग काड्या आणि शेंगा, कोण कुणाची ओळखू येत नाही. म्हणून दोरे वेळेवर बांधायचे. बी निराळं काढायचं, पुढच्या साली शेजारी शेजारी पेरायचं आणि एकदाचा निकाल लावायचा.

महालक्ष्म्यांना तू जेवायला आखाड्यावर आलास तेव्हा लोकरीचे गुंडे पिशवीत घालून आणणार होतास, विसरलास. म्हणालास, "पुढच्या रविवारी." पुढच्या रविवारी पोरांची टेस्ट निघाली. त्याच्या पुढच्या रविवारची गोष्ट तू फोनवर करत होतास. आवाज बारीक लागत होता म्हणून मी विचारलं, तर म्हणालास पित्त झालंय. मी म्हटलं, ताक पी, जिरं टाकून.

तुझ्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य हे आहे. ताक पी, जिरं टाकून. छातीत दुखत असलेल्या माणसाला मी ताक पी म्हटलं. तू पण बहिणीचं ऐकून पिलं असशील, तू तसाच.

सुमननं फोन केला तेव्हा मी तुकड्याच्या कडेलाच होते. लातूरला कशी पोचले ते मला सांगता येणार नाही.

आम्हा लेकींना सुतक तीन दिवसांचं. एरवी मला ही रीत कधी आवडली नाही. लग्न झालं की लेक माहेरच्या मरणातही अर्धी परकी. पण यंदा मी त्या रीतीला धरून बसले. चौथ्या दिवशी सकाळी सुमनला म्हटलं, "मी आखाड्यावर जाऊन येते." तिनं मान हलवली. तिला मी काय म्हणून राहिले ते ऐकू तरी गेलं का, देव जाणे. ती तुझ्या चपलांकडं बघत होती.

रानात गेले आणि सरीत वाकून बघितलं. मधे दोन दिवस पाऊस आणि वारा झाला होता. पानं गळायला लागली होती, माधवा. सरीत पानांचा खच पडला होता. रुंद पानं, अरुंद पानं, मधली पानं, सगळी पिवळी, ओली, एकमेकांना चिकटून. कुठलं पान कुठल्या झाडाचं, कसं सांगावं? मी एक एक उचलून झाडाला लावून बघायला लागले, वेड्यासारखं. मग कळलं की असं करत बसले तर उरलेली पण गळतील.

विहिरीच्या बाजूला लवणात, खोलगट जागी, ओल होती, तिथली झाडं अजून हिरवी होती. तिकडं पळाले. दोरा कशाचा? लोकर तुझ्या लातूरच्या घरात राहिलेली. आखाड्यात देवळीत माहूरहून आणलेला लाल नाडा होता, सुमनच्या वटसावित्रीचं उरलेलं पांढरं सूत होतं. लाल अरुंदाला, पांढरं रुंदाला. जिथं पान होतं तिथं पान बघून बांधलं. माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात पाणी. कंबर मोडून आली. शेषाबाई त्या दिवशी लेकीच्या गावाला गेलेली, रानात दुसरं माणूस नाही. मी तुला मोठमोठ्यानं शिव्या देत दोरे बांधत होते. विहिरीनं ऐकल्या असतील.

संध्याकाळच्या गाडीनं लातूरला परत गेले, कारण सुमनला एकटं टाकवेना.

दहाव्याला नदीवर कावळा शिवेना. तुला माहितीये लोक कसे असतात. एक जण म्हणाला, "मुक्ताचं लग्न चांगल्या घरी करू." कावळा झाडावर. दुसरा म्हणाला, "घराचं वरचं बांधकाम पुरं करू." कावळा झाडावर. मुक्ता बिचारी पुण्याहून आलेली, बापाच्या पिंडासमोर स्वतःच्या लग्नाची बोली ऐकत उभी. मला राहवलं नाही. मी पुढं झाले आणि म्हटलं, "माधवा, तुझं अरुंद आणि रुंद मी निराळं राखीन. पेरीन. निकाल लावीन." पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. कावळा आला. माझ्या शब्दानं आला की तोवर त्याला भूक लागली, मला ठाऊक नाही. मी तेव्हा मानलं की तू आलास.

आणि दुपारी आखाड्यावर पोचले तर रान मोकळं.

शेषाबाईचं मी काय वाईट म्हणू? आभाळ परत भरून आलं होतं. शेंगेत दाणा उगवला असता तर सगळंच हातचं गेलं असतं. मालकाच्या घरी दहावा, त्यांना फोन कशाला करायचा, आपणच बाया जमवून कापून घेऊ, एवढा चांगला विचार तिनं केला. ती मला बघून रडायलाच लागली. मी विचारलं, "आणि दोरे? दोरे दिसले न्हाईत का तुम्हाला?"

"दिसले की अक्का. म्हणून तर आधी तोच तुकडा उरकला." तिनं आवाज खाली घेतला. "लाल आणि पांढरं सूत. मालक गेलेला. झाडाझाडाला गाठी. आम्हाला वाटलं कुणी सरांवर करणी केली. एकेक दोरा तोडला, बांधावर जाळला आणि राख शिवेबाहेर टाकून आले. म्या सवता. दुसरीला हात लावू दिला न्हाई, म्हटलं काय व्हायचं ते मला होऊ दे."

माधवा, तिनं ते तुझ्यासाठी केलं. तुझ्यावर कुणी उठलं असेल तर ते आपल्या अंगावर घ्यायला ती बाई तयार झाली. आता मी हिच्यावर कसं ओरडू? मी तिथंच गंजीपाशी बसले. मग तिला सांगितलं ते दोरे मीच बांधले होते, कशाला बांधले होते. तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले.

मग म्हणाली, "पण अक्का, बी तर गंजीतच हाय न्हवं? पुढल्या साली पेरा, पानं परत येतेत की."

बरोबर बोलली ती. पानं परत येतात. एका मुठीत ते बी असतं तर मी पण हेच म्हटलं असतं. पण आपला तुकडा तो केवढा आणि सगळं रान केवढं. त्या गंजीत घरचं साधं सोयाबीनच सगळं, आपलं त्यात कुठं शोधू? सकाळी मळणीयंत्र येणार होतं. एकदा दाणे झाले की दाणा सारखाच, पिवळा, गोल. त्याच्यावर पान लिहिलेलं नसतं. आणि पानं परत आली तरी बघणारा कुठून आणू? मी पुढच्या मृगाला असेन का? असले तर डोळा असेल का? बिघडलेला हुकूमसुद्धा पिढ्यान्‌पिढ्या जसाच्या तसा पुढं जातो, आणि माझा भाऊ एका दुपारी संपतो, त्याचं काही काही पुढं जात नाही, हा कुठला कायदा आहे? तू मास्तर होतास. हे तू मला शिकवलं नाहीस.

मी गंजीत हात घालून नुसती बसले होते. काड्या चाळवत. आणि बोटांना एक शेंग लागली. लांब. न बघता कळलं, चार गाठी. काढून बघितली, चार दाणे.

घरच्याला चाराची शेंग चुकून एखादी. तेव्हा चाराची शेंग लागली तर ती बहुतेक आपल्या तुकड्यातली.

मग मी शोधायला बसले. डोळ्याचं कामच नव्हतं, बोटं सांगत होती. दोन, टाक. तीन, टाक. तीन. तीन. चार, पदरात. शेषाबाईनं अजून दोघींना हाक मारली. त्या आल्या, बसल्या. दिवस कलताना सुमन आली. मुक्ताला लातूरला पाहुण्यांपाशी ठेवून, गाडी करून आली होती, मी फोन उचलत नव्हते म्हणून. तिला वाटलं माझंही काही झालं. गंजीभोवती बाया बसलेल्या बघून तिला काही उमगेना. मी थोडक्यात सांगितलं. तिनं पदर खोचला आणि माझ्या शेजारी बसली.

काड्या कशा चाळायच्या ते तिनं माझ्या हातांकडं बघून उचललं. मग ती म्हणाली, "रविवारी इकडं यायचे तेव्हा मला वाटायचं, घरी बसायला नको म्हणून येतेत."

"तुझ्याबद्दल लई बोलायचा इथं."

"काय बोलायचे?"

"की सुमन भाकर माझ्यापेक्षा चांगली थापती."

खोटं बोलले मी. तू असं कधी म्हणाला नव्हतास. ती रडली, पहिल्यांदा नीट रडली, आणि रडताना हात थांबला नाही तिचा. शेंग वर करून म्हणाली, "अक्का, ही तीनाची का चाराची? शेवटचा दाणा भरलेला न्हाई."

"धर. पदरात टाक."

अंधार पडेपर्यंत जेवढं झालं तेवढं झालं. सकाळी यंत्र आलं आणि उरलेलं गेलं.

आता मी नांदेडला आहे. मोबाइलवरच्या क्लासच्या व्हिडिओत तू अजून शिकवून राहिलास. मी तेच लावते. मधेच थांबून तू विचारतोस, "लक्षात आलं का?" पोरं एका सुरात हो म्हणतात. मी न्हाई म्हणते. तू पुढं निघून जातोस. जिवंत होतास तेव्हा मी न्हाई म्हटलं की थांबायचास.

चाराच्या शेंगा डब्यात आहेत, कडुनिंबाचा पाला घालून. हिशेब माझा असा आहे, चुकला तर सांग. चाराच्या शेंगा अरुंदाच्या, म्हणजे तुझ्या. रुंदाला चार लागत नाहीत, तेव्हा माझी बाजू गंजीत गेली, तेल गिरणीला गेली. भांडायला माझ्याकडं काही उरलं नाही. पण मधल्यालाही चाराच्या शेंगा लागतात. डब्यातल्या काही शेंगा मधल्याच्या असतीलच. आणि मधलं टिकत नाही. इतकी सालं ज्या खोडीपायी मी त्याच्यावर चिडले, त्या खोडीचाच आता एक आधार आहे. ते टिकणार नाही, फुटेल, आणि त्याच्या पोटातून रुंद परत निघेल. तुला उत्तर द्यायला.

सुमन काल आली होती. म्हणते, मृगाला तुमच्यासोबत आखाड्यावर राहते. मला म्हणाली, "अक्का, तुम्हाला दिसलं न्हाई तर मी बघीन. पण अरुंद म्हणजे किती अरुंद ते मला दाखवून ठेवा."

दाखवायला एकही हिरवं पान आता कुठं नाही. मी बोटं धरली. एवढं म्हणजे अरुंद, एवढं म्हणजे रुंद. मधलं दाखवताना माप काही एका जागी थांबेना. ती म्हणाली, "असू द्या. राहिलेली दोन्ही कळली की मधलं आपोआप कळंल." असं तिला कुणी सांगितलं नव्हतं, माधवा. तिनं ते आपलं आपण काढलं. मी तुला ऐकू जाईल म्हणून जरा मोठ्यानंच म्हटलं, हाव, बरोबर हाय.

तुझी
अक्का